हरलेल्यांच्या यादीतलं नाव

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास डावरी पात्रता फेरीचा शेवटचा सामना हरली. तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये, नऊ-सात. हरवणारी पोरगी एकोणीस वर्षांची होती आणि इतकी उंच, की बाकीच्या खेळाडू तिला शिडी म्हणायच्या. हस्तांदोलन झालं, डावरी आपल्या खुर्चीत येऊन बसली आणि तिनं आधी बूट काढले. कोर्टावर कुणी बूट काढत नाही. पण तिला वाटलं, आता परत घालायचेच नाहीत तर उगाच पाय कशाला कोंडायचे?

डाव्या हातानं खेळते म्हणून सतराव्या वर्षी कुणीतरी तिला डावरी म्हटलं, आणि ते नाव पंधरा वर्षं चिकटून बसलं. आता ती बत्तीस वर्षांची होती. चार वर्षांची मुलगी होती. जागतिक क्रमवारीत तिचा नंबर एकशे एक्क्याऐंशी होता. त्या नंबरावर मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश मिळत नाही. आधी पात्रता फेरीचे सामने खेळायचे, जिंकलो तर मुख्य ड्रॉमध्ये शिरायचं, हरलो तर बॅग भरायची. गेल्या दोन वर्षांत तिनं बॅगच जास्त वेळा भरली होती.

त्यामुळे ही शेवटची स्पर्धा, असं तिनं ठरवून टाकलं होतं. तिच्या गावच्या क्लबमध्ये दहा वर्षांखालच्या मुलांना शिकवायची नोकरी पक्की झाली होती. गुरुवारी सकाळी साडेसातला हजर व्हायचं होतं. क्लबचे सेक्रेटरी हे निवृत्त गणिताचे मास्तर. साडेसात म्हणजे सात एकतीस नव्हे, हे त्यांनी फोनवर दोनदा बजावलं होतं.

कपडे बदलून ती बाहेर आली तेव्हा सासूबाई नातीला मांडीवर घेऊन पॅसेजमधल्या बाकावर बसल्या होत्या. गेली तीन वर्षं हे असंच चाललं होतं. नवरा मालगाडीचा चालक, महिन्यातले वीस दिवस रुळांवर. मग मूल सांभाळायला डावरीबरोबर गावोगाव फिरणार कोण? सासूबाईंनी विचारायचीही वाट पाहिली नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी शस्त्रक्रियेच्या खोलीत परिचारिकेचं काम केलं होतं. निवृत्त झाल्या त्याच्या तिसऱ्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "घरात बसून मी भिंतींना औषधं देऊ का? चल, मी येते." टेनिसमधलं त्यांना फारसं कळत नव्हतं आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. आपला चेंडू जाळीत गेला की नुकसान, समोरचीचा गेला की फायदा, एवढ्यावर त्यांचं भागायचं.

"हरले," डावरी म्हणाली.

"बघितलं. जेवून घे आधी."

जेवायला जाताना वाटेत रेफरीचं ऑफिस लागलं. दाराबाहेर एक कागद डकवला होता आणि त्याला दोरीनं पेन बांधलं होतं. डावरी पुढे निघाली, पण सासूबाई थबकल्या.

"हे काय आहे?"

"काही नाही. पात्रता फेरीत हरलेल्यांनी सही करायची. मुख्य स्पर्धेतली एखादी खेळाडू ऐन वेळी आजारी पडली तर तिच्या जागी यातल्या कुणाला तरी घेतात. लकी लूझर म्हणतात त्याला."

"हरलेली, आणि वर नशीबवान? नाव ठेवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर होतं ना?" सासूबाईंनी चष्मा नीट केला. "मग कर की सही."

"आई, माझ्या वर अजून एक जण आहे क्रमवारीत. आधी तिला मिळेल. आणि उद्या चारची गाडी आहे आपली."

"चारपर्यंत काय करणार आहेस? सही करायला हात दुखतो का?"

डावरीनं सही केली. वाद घालायचं त्राण नव्हतं म्हणून केली, असं ती पुढे नेहमी सांगायची.

मंगळवारी दुपारी सामान बांधून तिघी कॅन्टीनमध्ये बसल्या होत्या. डावरी मुलीला भात भरवत होती. खेळायचे कपडे धुऊन ओलेच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले होते. तेवढ्यात रेफरीबाई जवळजवळ पळतच आत आल्या. त्यांच्या केसांची पिन एका बाजूला लोंबत होती.

"तू अजून इथेच आहेस! देवाची कृपा. चौथ्या मानांकित खेळाडूची पाठ धरली, सराव करताना. ती खेळत नाही."

"पण यादीत माझ्या वर…"

"तिनं सहीच केली नाही. काल संध्याकाळच्या विमानानं घरी गेली. बारा मिनिटांत कोर्टवर ये."

डावरीनं सवयीनं पुढचा चमचा भरून मुलीपुढे धरला. सासूबाईंनी तो चमचा तिच्या हातातून काढून घेतला.

"जा. भात मी भरवते."

बारा मिनिटांत काय काय करावं लागतं हे ज्याच्यावर पाळी आली त्यालाच कळतं. स्कर्ट ओला होता, तो हात सुकवायच्या यंत्राखाली धरला. मोजे सापडेनात. कपडे बदलायच्या खोलीत शिडी बसली होती. ती सकाळीच मुख्य ड्रॉमधला पहिला सामना हरली होती आणि रडून तिचं नाक लाल झालं होतं. डावरी सगळी बॅग जमिनीवर उपडी करतेय हे पाहून तिनं आपले कोरे मोजे पुढे केले. ते डावरीच्या पायाला दोन मापं मोठे होते, टाचेशी त्यांचा गोळा व्हायचा. तसेच घातले.

दाराशी आणखी एक घोळ झाला. खेळाडूच्या राखीव खुर्च्यांवर बसायला गळ्यात कार्ड लागतं, आणि पात्रता फेरीची कार्डं सकाळीच परत केली होती. काउंटरवरच्या कारकुनानं सांगितलं, आता नातेवाइकांचं एकच कार्ड शिल्लक आहे. ते मुलीच्या गळ्यात गेलं.

"आणि या आजींचं?" त्यानं विचारलं. "प्रशिक्षकाचं एक आहे. पण तुमचा प्रशिक्षक…"

प्रशिक्षक डावरीनं दोन वर्षांपूर्वीच सोडला होता.

"माझं करा," सासूबाई म्हणाल्या. "त्यात काही करावं लागतं का?"

"तसं काही नाही. बसायचं. वाटलं तर खेळाडूला काही सांगता येतं."

"ते तर मी घरीही करते," असं म्हणून त्यांनी कार्ड गळ्यात अडकवलं. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: प्रशिक्षक.

तो पहिला सामना पाहायला सगळे मिळून दोनेकशे लोक असतील. समोरच्या खेळाडूला बारा वर्षांचा अनुभव, पण तिनं सगळी तयारी उजव्या हातानं खेळणाऱ्या चौथ्या मानांकित खेळाडूसाठी केलेली. समोर आली ही डावखुरी, मोज्यांचे गोळे घेऊन. छपराखालच्या कोर्टवर वारा नसतो, ऊन नसतं. तिथे डाव्या हाताची कापलेली सर्व्हिस जमिनीला लागली की सरपटत बाहेरच्या बाजूला पळते. ती बिचारी प्रत्येक वेळी एक पाऊल उशिरा पोचत होती. डावरीला विचार करायलाच वेळ नव्हता, आणि तेच तिच्या पथ्यावर पडलं. सहा-तीन, सहा-चार. घड्याळात तीन वाजायला पाच मिनिटं होती.

"गाडी मिळेल अजून," सासूबाई म्हणाल्या.

"आई, मी जिंकले."

"कळलं की. टाळ्या मीच वाजवल्या. परत कधी खेळायचंय तेवढं सांग, म्हणजे तिकिटाचं बघते."

परत गुरुवारी खेळायचं होतं. डावरीनं सेक्रेटरींना फोन लावला. "सर, गुरुवारी जमत नाही. शुक्रवारी येते."

"शुक्रवारी नक्की?"

"हरले तर नक्की."

पलीकडे हजेरीच्या वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग मास्तर म्हणाले, "बाई, चाळीस वर्षांत गैरहजेरीचं असं कारण मी ऐकलं नव्हतं."

बुधवारी सरावाला कुणी जोडीदार मिळेना. जिंकलेल्यांच्या जोड्या ठरलेल्या होत्या, हरलेल्या निघून गेल्या होत्या. शिडी मात्र अजून होती, तिची बस गुरुवारची होती. डावरीनं तिला विचारलं, तर ती लगेच रॅकेट घेऊन आली. तासभर खेळून दोघी पाणी प्यायला थांबल्या तेव्हा शिडी चुळबुळ करत म्हणाली, "ताई, एक सांगू? रागवणार नाहीस ना?"

"मला हरवलंस तेव्हा रागावले का? सांग."

"तुझी पहिली सर्व्हिस चुकली की दुसरी नेहमी बॅकहँडवर येते. नेहमी. मी सोमवारी आधीच तिथे जाऊन उभी राहत होते. म्हणून तर जिंकले."

डावरीला आधी राग आला, मग हसू आलं. पंधरा वर्षांत चार प्रशिक्षक झाले, कुणी हे सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि तिनंच ऐकलं नव्हतं? त्या दिवशी दोघींनी दुसरी सर्व्हिस सोडून काहीच केलं नाही. फोरहँडवर, सरळ अंगावर, परत फोरहँडवर. शिडी थकून खाली बसली तेव्हा डावरी बादलीतले उरलेले चेंडू एकटीच मारत राहिली. गुरुवारची बस शिडीनं सोडून दिली. "घरी जाऊन तरी काय करू? इथे मजा येतेय," ती म्हणाली.

गुरुवारची फेरी डावरीनं तीन सेटमध्ये जिंकली. शुक्रवारी उपांत्यपूर्व सामन्यात समोरची जोरात मारणारी होती. तिनं पहिला सेट घेतला, पण दुसऱ्या सर्व्हिसवर ती पुन्हा पुन्हा फसली आणि चिडून बाहेर मारायला लागली. लोक आता ओळखायला लागले होते. कॅन्टीनमधला आचारी मुलीला आधी ताट द्यायचा. टीव्हीवर समालोचक म्हणाला, "तिच्या प्रशिक्षकांकडे बघा, चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलत नाही. किती वर्षांचा अनुभव असेल!" तेव्हा सासूबाई नातीच्या स्वेटरचं बटण शिवत होत्या.

नवऱ्याला गाडी चालवताना फोन जवळ ठेवायची परवानगी नव्हती. पण नियंत्रण कक्षातल्या लोकांना कुणकुण लागली होती. शुक्रवारी दुपारी एका आडबाजूच्या स्टेशनात त्याची मालगाडी उभी असताना स्टेशनमास्तर फलाटाच्या टोकापर्यंत चालत आले आणि खालूनच ओरडले, "तुमच्या बाई शेवटच्या चारांत! आणि सिग्नल पडलाय, निघा!"

शनिवारचा उपांत्य सामना मात्र तिनं अक्षरशः दातांवर दात दाबून काढला. समोर गेल्या वर्षीची विजेती होती. दुसऱ्या सेटच्या मध्यात डावरीच्या तळहातावरचा फोड फुटला. प्रत्येक फटक्याला हाताला चटका बसायचा. कोर्टवरच्या डॉक्टरनं पट्टी बांधली, ती घामानं सुटली, परत बांधली. तिसरा सेट टायब्रेकला गेला. शेवटचा गुण घेतल्यावर तिनं रॅकेट सोडलीच नाही, बोटं उघडेनात म्हणून.

खोलीवर सासूबाईंनी दिव्याखाली तो तळहात उलगडला. जखम धुतली, कडेची कातडी छोट्या कात्रीनं कापली.

"दुखतंय?"

"खूप."

"दुखणारच. दुखत नाही असं म्हणाली असतीस तर मला काळजी वाटली असती." त्यांनी गॉजची पातळ घडी केली आणि पट्टी बोटांच्या मधून अशी ओढली, की मूठ मिटताना सुरकुती पडू नये. "मूठ आवळ. आता सोड. ही उद्या सुटणार नाही. माझी पट्टी कधी सुटलेली नाही, तू तुझं बघ."

डावरीनं सेक्रेटरींना फोन केला. या वेळी तेच आधी बोलले. "सोमवारी या. नाहीतर मंगळवारी. उद्या सकाळी मुलांना क्लबवर बोलावलंय, भिंतीवर मोठा पडदा लावतोय. बरोबर दहाला." मग म्हणाले, "बाई, जिंकून या."

रविवारी त्या सभागृहातल्या सहा हजार खुर्च्या भरल्या होत्या. उंच छपराखाली दिव्यांचा पांढरा उजेड होता आणि निळ्या कोर्टवर कुणाचीच सावली पडत नव्हती. समोर होती पहिली मानांकित. जगात सातवी. पंचवीस वर्षांची, रुंद खांद्यांची, दोन्ही हातांनी बॅकहँड मारणारी. उपांत्य सामन्यात तिला तीन तास झुंजावं लागलं होतं, तेवढं सोडलं तर तिच्या खेळात खोट काढायला जागा नव्हती.

पहिला सेट एकतीस मिनिटांत संपला. सहा-दोन. डावरी काय करणार हे समोरचीला आधीच कळत होतं. दुसऱ्या सेटमध्ये डावरी तीन गेमपर्यंत पोचली, पण पलीकडे पाच झाले होते आणि आता पहिली मानांकित सामना संपवायला सर्व्हिस करणार होती. लोक जागेवरून उठून कोट घालायला लागले होते. डावरी टॉवेल घ्यायला आपल्या बाजूच्या खुर्च्यांपाशी गेली.

"अगं ए, इकडे बघ," सासूबाई कठड्यावरून वाकून म्हणाल्या. सबंध आठवड्यात प्रशिक्षक म्हणून त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "तिचे ओठ बघितलेस? पांढरे पडलेत. प्रत्येक चेंडूनंतर मांडीवर हात टेकतेय. श्वास वरच्या वर घेतेय. ती पार दमलीय."

"आई, ती जिंकतेय."

"जिंकतेय म्हणूनच घाईत आहे. तिला लवकर संपवायचंय. तू संपू देऊ नकोस."

शेजारी बसलेल्या शिडीनं सासूबाईंकडे डोळे मोठे करून पाहिलं आणि मग जोरजोरात मान हलवली.

डावरी परत गेली. खरंच ओठ पांढरे होते. पाच दिवस ती फक्त चेंडूकडे बघत होती, आता तिनं पहिल्यांदा माणसाकडे पाहिलं. सर्व्हिस आली. एरवी तिनं ती जोरात परत मारली असती. आता उंच, सावकाश, अगदी मागच्या रेषेजवळ टाकली. पुन्हा तसाच एक फटका. मग जाळीच्या जवळ अलगद एक. पहिली मानांकित धावत आली, पोचली, पण परत मागे जायला तिला उशीर झाला. पुढचा गुण बावीस फटक्यांचा. त्याच्या पुढचा सव्वीसचा. डावरीचे स्वतःचे पाय थरथरत होते, पण दुसऱ्याचे आपल्यापेक्षा जास्त थरथरतायत हे कळल्यावर माणसाला वेगळंच बळ येतं. तो गेम तिनं घेतला. मग पाच-पाच. मग सहा-पाच. कोट घातलेले लोक कोटासकट खाली बसले. सेट सात-पाच असा डावरीच्या नावावर लागला तेव्हा छपराखाली एवढा आवाज घुमला, की मुलीनं दोन्ही कान झाकले.

तिसऱ्या सेटला पहिली मानांकित पेटून उठली. जगात सातवी काही उगाच होत नाही. तिनं पाय आपटले, स्वतःला मोठ्यानं शिव्या घातल्या आणि मारायला लागली. तीन-तीनपर्यंत कुणीच कुणाला सोडलं नाही. मग डावरीनं तिची सर्व्हिस मोडली आणि पाच-तीन झालं. आता जिंकण्यासाठी सर्व्हिस करायची होती डावरीला. चाळीस-शून्य. तीन मॅच पॉइंट.

तेव्हा तिनं ती चूक केली जी सगळेच करतात. तिनं चषकाकडे पाहिलं. तो कोर्टच्या कोपऱ्यात टेबलावर ठेवला होता, आणि त्याच्यावर दिवा चमकत होता. पहिला पॉइंट दोन्ही सर्व्हिस जाळीत जाऊन गेला. दुसऱ्यावर सोपा फोरहँड जाळीत. तिसऱ्यावर समोरून असा परतीचा फटका आला, की त्याला कुणाचाच इलाज नव्हता. पाहता पाहता गेमही गेला. पाच-चार.

बाजू बदलताना ती खुर्चीत बसली. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: तीन होते, तीन. तिनं मदतीसाठी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्या खाली वाकून नातीच्या बुटाची नाडी बांधत होत्या आणि नात त्यांच्या डोक्यावर पाण्याची बाटली उभी करायचा प्रयत्न करत होती. बाटली पडली. दोघी हसल्या. सहा हजार माणसं श्वास रोखून बसली होती आणि त्या दोघींचं आपलं चाललं होतं.

डावरीला हसू फुटलं. आधी ओठांत, मग मोठ्यानं. पंचांनी आश्चर्यानं खाली पाहिलं. तिनं बाटलीतलं उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं, तोंड पुसलं आणि पंचांनी पुकारा करायच्या आधीच उठून रेषेवर जाऊन उभी राहिली.

तो गेम चौदा मिनिटं चालला. चार वेळा चाळीस-चाळीसची बरोबरी, म्हणजे ड्यूस, झाली. चौथ्या वेळी फायदा डावरीकडे आला, म्हणजे आता एकच गुण हवा होता. सर्व्हिस आली, तिनं परत केली. मग दोघी कोपऱ्यातून कोपऱ्यात एकमेकींना पळवत राहिल्या. लोकांनी फटके मोजायचं सोडून दिलं होतं. पट्टीच्या आत हात भिजला होता, पण पट्टी जागची हलली नव्हती. डावरीनं जाळीच्या अलीकडे येऊन चेंडू अलगद पलीकडे सोडला. पहिली मानांकित धावली. ती पोचली! तिनं कसाबसा चेंडू परत ढकलला. डावरी जाळीपाशीच होती. समोर पूर्ण वाकलेली, धापा टाकणारी एक मुलगी होती आणि तिच्या मागे सगळं रिकामं निळं कोर्ट. डावरीनं रॅकेट फक्त खालून वर नेली. चेंडू दिव्यांकडे चढला, त्या मुलीच्या डोक्यावरून गेला. ती मागे वळली, दोन पावलं धावली आणि थांबली. जिथे थांबली तिथूनच तिनं तो चेंडू रेषेच्या वीतभर आत पडताना पाहिला.

डावरी गुडघ्यांवर बसली. तिला काही ऐकू येत नव्हतं. पहिली मानांकित जाळी ओलांडून आली आणि तिनं तिला हात देऊन उठवलं. "तुला माहीत होतं, मी दमलेय ते," ती कानात म्हणाली. "कोणी सांगितलं?" डावरीनं खुर्च्यांकडे बोट केलं. तिथे शिडी बाकावर उभी राहून नाचत होती, मुलगी तिच्या खांद्यावर होती, आणि सासूबाई चष्मा काढून पदरानं पुसत होत्या, बराच वेळ.

चषक देताना निवेदक म्हणाला, पात्रता फेरीत हरलेली खेळाडू ही स्पर्धा जिंकण्याची ही पहिलीच वेळ. डावरीच्या हातात माईक आला. "चौथ्या मानांकित मैत्रिणीची पाठ लवकर बरी होवो," ती म्हणाली. लोक हसले. "मी तिच्या जागेवर खेळले. जागा नीट सांभाळली एवढं तिला कळवा." मग तिनं माईक निवेदकाकडे परत दिला. मुलगी धावत कोर्टवर आली आणि चषकात तोंड घालून आत काय आहे ते बघायला लागली.

वार्ताहर सासूबाईंभोवती जमले. अंतिम सामन्याची योजना काय होती?

"योजना कसली? माणूस दमलेला दिसला की ओळखायचं, हे माझं काम होतं," त्या म्हणाल्या. "तिथे आम्ही त्याला बरं करायचो. इथे उलटं आहे, एवढंच."

नवऱ्याचा फोन आला. तो म्हणाला, "पूर्ण यार्डात इंजिनांनी भोंगे वाजवलेत. मला मेमो मिळणार बहुतेक." सेक्रेटरींच्या फोनवर आधी तीस मुलांचा गलका ऐकू आला, मग मास्तरांचा आवाज. "आता काही तुम्ही येत नाही." क्रमवारीत ती साठच्या आसपास जाणार होती. मोठ्या स्पर्धांना थेट प्रवेश मिळणार होता.

"येईन सर. मधल्या सुट्ट्यांत. पण साडेसातला नाही."

"आठला चालेल," मास्तर म्हणाले.

सभागृह रिकामं झालं. कामगार खुर्च्यांखालचे कागद गोळा करत होते. शिडी मुलीला घेऊन कॅन्टीनमध्ये गेली होती. डावरी बॅग भरत होती तेव्हा सासूबाई कोर्टच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी एकदा छपराकडे पाहिलं, एकदा जाळीकडे.

"काय झालं, आई?"

"तीन वर्षं बघतेय. एकदा मारून बघू का?"

डावरीनं रॅकेट दिली आणि पकडायची कशी ते दाखवलं. सासूबाईंनी पदर खोचला. पहिला चेंडू त्यांच्या शेजारून निघून गेला. दुसरा रॅकेटच्या दांड्याला लागून छताकडे उडाला आणि कागद गोळा करणारा माणूस काम थांबवून बघायला लागला. "हसू नकोस," त्यांनी बजावलं. "टाक." डावरीनं तिसरा चेंडू अलगद टाकला. सासूबाईंनी दोन्ही हातांनी, डोळे मिटून, सगळ्या अंगानिशी रॅकेट फिरवली. चेंडू जाळीच्या वरच्या पट्टीला घासला, क्षणभर तिथेच घुटमळला, आणि पलीकडे पडला.

"गेला!" सासूबाई ओरडल्या. एकतीस वर्षं शस्त्रक्रियेच्या खोलीत हळू बोललेल्या त्या बाईचा आवाज रिकाम्या सभागृहात वरच्या रांगेपर्यंत गेला. "पलीकडे गेला! बघितलंस ना? अजून एक टाक."